जलाशयातील मत्स्यपिंजरे पुरापासून कसे राखावेत

धरणाच्या जलाशयात तरंगते पिंजरे लावण्यापूर्वी पाणीपातळीच्या अनेक वर्षांच्या नोंदी पाहाव्यात. पातळी सर्वांत खाली गेली तरी जाळ्याचा तळ जलाशयाच्या तळापासून काही मीटर वर राहिला पाहिजे. सांडव्यासमोरची आणि नदीच्या मुखाजवळची जागा, कितीही सोयीची वाटली तरी, टाळावी.

सर्वाधिक लक्ष नांगराच्या दोरांकडे द्यावे. उन्हाळ्यात आखूड केलेला दोर पातळी चढू लागताच ताणला जातो, चौकटीचा तो कोपरा पाण्याखाली खेचला जातो आणि जाळ्याच्या वरच्या कडेवरून मासे निसटतात. म्हणून पुराआधीच दोर सैल करावेत, घासून धागे सुटलेले दोर बदलावेत आणि वाहत येणारे ओंडके अडवण्यासाठी प्रवाहाच्या वरच्या बाजूस तरंगता अडसर बांधावा.

पुराचा अंदाज मिळताच विक्रीयोग्य मासे काढून घेणे, भाव थोडा कमी मिळाला तरी, मला शहाणपणाचे वाटते. पाणी गढूळ झाल्यास किंवा विरघळलेला ऑक्सिजन लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या खाली गेल्यास खाद्य थांबवावे, कारण पचनासाठी माशांना जादा ऑक्सिजन लागतो. दरवाजे उघडण्याची सूचना मिळाल्यावर मात्र पिंजऱ्यांवरील सर्वांनी, काम अर्धे राहिले तरी, तत्काळ किनाऱ्यावर यावे.