गावाची नळयोजना टिकवायची कशी : उद्भवापासून शोषखड्ड्यापर्यंत

महाराष्ट्रातील अनेक गावांत जुनी टाकी, तिच्या शेजारी नवी टाकी आणि उन्हाळ्यात दोन्हींखाली उभा असलेला टँकर असे चित्र दिसते. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जल जीवन मिशनने घरोघरी नळ आणि दरडोई दररोज ५५ लिटर पाणी हे उद्दिष्ट ठेवले, आणि त्यासाठी मोठ्या प्रमाणात कामेही झाली. मात्र काम पूर्ण होऊन योजना ग्रामपंचायतीकडे हस्तांतरित झाली की ती रोज चालवण्याची जबाबदारी गावावर येते. ग्रामपंचायत सदस्य आणि पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या सभासदांनी नव्या बांधकामाचा प्रस्ताव करण्याआधी आहे त्या योजनेची मोजमापे घ्यावीत, असे माझे ठाम मत आहे, कारण गळणाऱ्या वाहिनीत आणखी पाणी सोडून टंचाई संपत नाही.

पहिले काम : पाणी मोजणे

गावाची लोकसंख्या २,००० असेल, तर ५५ लिटरप्रमाणे दिवसाची गरज १,१०,००० लिटर होते. आता पंप प्रत्यक्षात किती पाणी देतो ते पाहावे. मुख्य वाहिनीवर मीटर नसेल, तर रिकामी टाकी भरायला लागणारा वेळ मोजणे पुरेसे आहे. ५०,००० लिटरची टाकी अडीच तासांत भरत असेल, तर पंप ताशी २०,००० लिटर पाणी देतो आणि गावाची गरज साडेपाच तासांत भागायला हवी. पंप रोज नऊ तास चालूनही शेवटच्या वस्तीत पाणी पोहोचत नसेल, तर दोष उद्भवात, म्हणजे विहीर किंवा बोअरवेलसारख्या पाण्याच्या स्रोतात, नसून वितरणात आहे, हे कागदावरच दिसून येते.

गळती शोधण्यासाठी रात्रीची चाचणी करावी. टाकी भरून खालचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करावा आणि दोन तासांनी पातळी पाहावी; पातळी उतरली असेल, तर टाकी झिरपते आहे किंवा व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. त्यानंतर, गावात दवंडी देऊन सर्व नळ बंद असल्याची खात्री करून, व्हॉल्व्ह उघडावा, रिकाम्या वाहिन्या भरून पातळी स्थिरावण्याइतका वेळ द्यावा आणि पुढच्या दोन तासांत ती किती उतरते ते नोंदवावे. पाच मीटर व्यासाच्या टाकीत पातळी १० सेंटिमीटर उतरली, याचा अर्थ सुमारे १,९६० लिटर पाणी जमिनीत गेले. मग एकेका गल्लीचा व्हॉल्व्ह बंद करत गेल्यास गळतीचा भाग सापडतो. ज्या नळांना तोट्याच नाहीत, त्यांना आधी तोट्या बसवून घ्याव्यात, अन्यथा ही चाचणी निरर्थक ठरते.

विजेचे गणितही अशाच मोजमापाने सुटते. १,१०,००० लिटर पाणी ६० मीटर उंच चढवण्यासाठी सिद्धान्ताने सुमारे १८ युनिट वीज लागते. पंप आणि मोटर यांची एकत्रित कार्यक्षमता ५० टक्के धरली, तर दिवसाला ३६ आणि महिन्याला सुमारे १,०८० युनिट. वीजबिलावर याच्या दुप्पट युनिट दिसत असतील, तर पंपाचा पंखा झिजला आहे, फूटव्हॉल्व्ह (पाणी परत विहिरीत उतरू न देणारी तळाची झडप) धरत नाही किंवा पाणी वाटेत गळते आहे. अनेक समित्या फक्त बिलाची रक्कम पाहतात; त्यांनी युनिटही नोंदवावेत. सौरपंपाने बिल कमी होते हे खरे, परंतु वीज फुकट मिळू लागली की उपसा वाढतो, म्हणून सौरपंप बसवताना विहिरीतील पातळीची नोंद अधिक काटेकोरपणे ठेवावी लागते.

उद्भव जपणे

राज्याचा बहुतांश भूभाग बेसॉल्ट खडकाचा आहे. या खडकात पाणी झिजलेल्या मुरमाच्या थरात आणि भेगांत साठते, त्यामुळे साठा मर्यादित असतो आणि शेजारच्या बोअरवेलचा परिणाम सार्वजनिक विहिरीवर लवकर होतो. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर खोदण्यावर कायद्याने निर्बंध आहेत. हे अंतर नकाशावर आखून ग्रामसभेत दाखवावे, कारण तक्रार झाल्यावर भांडण्यापेक्षा आधी माहिती देणे सोपे असते. विहिरीतील पाण्याची पातळी दर पंधरा दिवसांनी टेपने मोजून लिहावी. ऑक्टोबरमधील पातळी आणि पर्जन्यमापकाची नोंद हाती असली, की उन्हाळ्यात पाणी कुठवर पुरेल याचा अंदाज बांधता येतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक हेक्टरवर १०,००० लिटर पाणी, हे सूत्र त्यासाठी पुरते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार दरवर्षी असा पाण्याचा ताळेबंद मांडून त्यानुसार पिके ठरवते आणि तिथे सिंचनासाठी बोअरवेल घेण्यावर गावानेच बंदी घातली आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाकडून यासाठी तांत्रिक मार्गदर्शन मागता येते.

रोजचे शुद्धीकरण

हा भाग सर्वांत स्वस्त असूनही त्याकडे दुर्लक्ष होते, याचे मला फार वाईट वाटते. साधारण ३० ते ३३ टक्के क्लोरीन असलेली टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, १,००० लिटर पाण्याला ५ ग्रॅम लागते. विहिरीतील पाणी लिटरमध्ये काढण्यासाठी व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सर्व मीटरमध्ये, आणि येणाऱ्या संख्येला ७८५ ने गुणावे. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल, तर ते सुमारे १,१३,००० लिटर भरते आणि त्याला ५६५ ग्रॅम पावडर लागते. पावडर थेट पाण्यात टाकू नये. प्लास्टिकच्या बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा आणि वरचे निवळ द्रावण तेवढे मिसळावे. त्यानंतर किमान अर्धा तास पाणी सोडू नये.

तपासणी टाकीजवळ करण्यात अर्थ नाही. गावातील शेवटच्या नळावर ओटी चाचणी (पाण्यात द्रावणाचे थेंब टाकून येणाऱ्या रंगावरून क्लोरीन ओळखणे) घ्यावी आणि तिथे ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर शिल्लक क्लोरीन असल्याचे जलसुरक्षकाने, म्हणजे गावातील पाणी शुद्धीकरण पाहणाऱ्या कर्मचाऱ्याने, रोज वहीत लिहावे. तिथे रंगच येत नसेल, तर मात्रा कमी पडते, पावडर जुनी झाली आहे किंवा वाटेत घाण पाणी वाहिनीत शिरते आहे. उघड्या पोत्यातील टीसीएल ओलाव्याने आणि उन्हाने लवकर निकामी होते, म्हणून ते कोरड्या, अंधाऱ्या जागी घट्ट बंद ठेवावे आणि वर्षभराचा साठा एकदम घेऊ नये.

क्लोरीनने जंतू मरतात. फ्लोराइड आणि नायट्रेट मात्र तसेच राहतात. त्यांसाठी पाण्याचा नमुना वर्षातून एकदा प्रयोगशाळेत पाठवावा. नायट्रेटची मर्यादा ४५ आणि फ्लोराइडची सर्वाधिक मर्यादा १.५ मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे.

पाणीपट्टी

वर्षाची वीज, कर्मचाऱ्याचे मानधन, टीसीएल, किरकोळ दुरुस्त्या आणि पंप बदलण्यासाठीची राखीव रक्कम यांची बेरीज करून ती नळजोडण्यांच्या संख्येने भागावी. येणारा आकडा म्हणजे खरी पाणीपट्टी. ती वसुली स्वतंत्र बँक खात्यात ठेवावी आणि जमाखर्च दर ग्रामसभेत वाचून दाखवावा. ज्यांच्याकडे कधीच हिशेब आला नाही, त्यांनी पट्टी थकवली तर दोष एकट्या त्यांचा नसतो. शक्य असेल तिथे मीटर बसवावेत. सातारा जिल्ह्यातील कराडलगतच्या मलकापूरने मीटर आणि वापरानुसार वाढत जाणारा दर यांच्या आधारे चोवीस तास पाणीपुरवठा करून दाखवला. नळाला पाणी केव्हाही येते याची खात्री पटली, की लोक शिळे म्हणून पाणी ओतून देत नाहीत.

सांडपाणी आणि मैला

पाणी दिवसातून तासभर सोडले जाते तेव्हा उरलेला वेळ वाहिनी रिकामी असते आणि फुटक्या सांध्यातून बाहेरचे पाणी आत खेचले जाते. त्या सांध्यावरून गटार वाहत असेल, तर आजार थेट हंड्यात येतो. म्हणून गटारातून किंवा गटाराखालून जाणाऱ्या नळजोडण्यांची यादी करून त्या आधी बदलाव्यात. पावसाळ्यापूर्वी एवढे एक काम झाले तरी साथीचा मोठा धोका टळतो.

स्वयंपाकघर आणि मोरीचे पाणी शक्यतो घरच्या शोषखड्ड्यातच मुरवावे. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीपासून सुरू झालेल्या शोषखड्ड्यांच्या मोहिमेने गटारे कोरडी होऊन डास कसे घटतात ते दाखवले. खड्ड्याआधी गाळ अडवणारे छोटे कुंड बांधावे आणि ते महिन्यातून एकदा साफ करावे, नाहीतर साबणाच्या साक्याने खड्डा बुजतो. काळ्या चिकण मातीत पाणी मुरत नाही. तिथे परसबाग किंवा सामूहिक स्थिरीकरण तळे (सांडपाणी साठवून नैसर्गिकरीत्या निवळू देणारे तळे) हा पर्याय घ्यावा.

नवे शौचालय दोन खड्ड्यांचे असावे. एक भरल्यावर प्रवाह दुसऱ्यात वळवून पहिला किमान दीड-दोन वर्षे बंद ठेवल्यास आतील मैल्याचे निर्धोक खत होते. सेप्टिक टाकी असलेल्या घरांची मात्र स्वतंत्र नोंदवही हवी. वाई आणि सिन्नर या नगरपरिषदांनी टाकी तुंबण्याची वाट न पाहता दर तीन वर्षांच्या फेरीने प्रत्येक घरची टाकी उपसण्याची पद्धत आणली. एकट्या गावाला उपसा-वाहन परवडत नसेल, तर जवळच्या नगरपरिषदेशी करार करून तिचे वाहन आणि मैला प्रक्रिया केंद्र वापरावे, आणि चालकाने मैला शेतात किंवा ओढ्यात न सोडता केंद्रावर नेल्याची पावती मिळाल्याशिवाय बिल अदा करू नये. सुरक्षा साधनांशिवाय सफाईसाठी टाकीत माणूस उतरवणे हाताने मैला सफाईला बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. आतील वायूने क्षणात जीव जातो, हे प्रत्येक घरमालकाला तोंडी सांगावे आणि करारातही लिहावे.