कॉलेज टीमचा लोगो नव्याने करायचाय? मग या क्रमाने करा

टीमचा लोगो जुनाट वाटायला लागला की कोणीतरी लगेच लॅपटॉप उघडून नेटवर वाघ नाहीतर गरुड शोधायला बसतं. तसं करू नका. आधी काय बदलायचं नाही ते ठरवा.

त्यासाठी आजी-माजी खेळाडू, कोच आणि दर मॅचला येणारी मंडळी यांना गाठा. ‘लोगो कसा वाटतो’ विचारलं की सगळे ‘छान आहे’ म्हणून मोकळे होतात, त्यापेक्षा कोरा कागद द्या आणि आठवणीतून लोगो काढायला सांगा. जे सगळ्यांच्या कागदावर येतं, म्हणजे एखादं अक्षर, शिंगांचा आकार, रंगांची जोडी, ते ठेवायचं. जे कोणालाच आठवत नाही ते बिनधास्त काढून टाका. हे न करता बदल लादला की काय होतं बघा, अमेरिकेत मार्क्वेट युनिव्हर्सिटीने २००५ मध्ये टीमचं नाव ‘गोल्ड’ असं जाहीर केलं आणि विद्यार्थी, माजी विद्यार्थी इतके भडकले की आठवडाभरात माघार घ्यावी लागली, शेवटी मतदान होऊन आधीचंच ‘गोल्डन ईगल्स’ नाव राहिलं.

एक अपवाद आहे. जुन्या लोगोत एखाद्या समाजाचा चेहरा किंवा पेहराव मॅस्कॉट, म्हणजे टीमचं प्रतीक म्हणून वापरलेला असेल तर तो कितीही लाडका असला तरी काढाच. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटीने टीमचं ‘इंडियन्स’, म्हणजे तिथले मूळ रहिवासी, हे नाव १९७२ मध्येच सोडलं. माणसं मॅस्कॉट नसतात, यावर माझ्याकडून तरी चर्चा नाही.

आता कागद-पेन्सिल. फक्त काळ्या रंगात भरपूर कच्ची चित्रं काढा, रंगाला अजिबात हात लावू नका, कारण रंग भरला की कच्चा आकारसुद्धा बरा दिसायला लागतो आणि आपण फसतो. पिसं, दात, केस, सावल्या कमी करत जा. अमेरिकेतल्या आयोवा युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल टीमचा लोगो, टायगरहॉक बघा, १९७९ मध्ये कोच हेडन फ्राय यांच्या काळात आला, ससाण्याचं डोकं मोजक्या आकारांत बसवलंय आणि आजही हेल्मेटवर तोच आहे.

दोन-तीन चित्रं निवडली की त्यांची कसून परीक्षा घ्या, आणि खरं सांगायचं तर सगळ्या कामात महत्त्वाचा टप्पा हाच, इथे घाई नको. लोगो १६ पिक्सेलएवढा लहान करा, ब्राउझरच्या टॅबवर तो साधारण तेवढाच दिसतो, आणि ओळखू येतो का बघा. प्रिंट काढून भिंतीला लावा, लांब जाऊन डोळे बारीक करून बघा, कारण प्रेक्षक गॅलरीतून बघणार आहेत, तुमच्या स्क्रीनवर नाही. पांढऱ्यावर काळा बघा, काळ्यावर पांढरा बघा, नुसते रंग उलटे करून प्राण्याचा चेहरा फोटोच्या निगेटिव्हसारखा भुताटकीचा दिसत असेल तर गडद कपड्यासाठी वेगळं व्हर्जन काढावं लागेल. टोपीवर भरतकाम होणार असेल तर बारीक रेषा आणि छोटी अक्षरं धाग्यात बुजतात, म्हणून एक नमुना शिवून घ्याच. आणि हेल्मेट! दोन्ही बाजूंना प्राण्याचं तोंड पुढे हवं, म्हणजे एका बाजूला आरशातल्यासारखी उलटी आवृत्ती लागणार, प्राण्याचं चालतं पण अक्षर उलटं करता येत नाही, म्हणून अक्षर आणि प्राणी एकमेकांत इतके गुंतवू नका की सुटे करता येणार नाहीत.

रंग दोन, फार तर तीन. प्रत्येकाचा पँटोन नंबर (ठरावीक छटेचा क्रमांक) आणि त्याच्या जोडीला सीएमवायके (छपाईसाठी), आरजीबी (स्क्रीनसाठी) आकडे लिहून ठेवा, नाहीतर जर्सी, बॅनर आणि वेबसाइट तिन्हीकडे तीन वेगळे लाल दिसतात. जर्सीच्या कापडाचा तुकडा हातात घेऊन, उन्हात बघूनच रंग फायनल करा. लाल-हिरवं शेजारी-शेजारी शक्यतो टाळा, रंगांधळेपणा असलेल्या अनेकांना त्यातला फरक कळत नाही.

फायनल आकार व्हेक्टरमध्येच काढा, म्हणजे कितीही मोठा केला तरी फाटत नाही; इलस्ट्रेटर हे सॉफ्टवेअर नसेल तर इंकस्केप फुकट आहे. फाँटचं लायसन्स तपासा, फायनल फाइलमधली अक्षरं आउटलाइनमध्ये, म्हणजे नुसत्या आकारांत बदला, म्हणजे दुसऱ्याकडे तो फाँट नसला तरी बिघडत नाहीत. दुसऱ्या कुठल्या टीमशी किंवा कंपनीशी लोगो जुळत नाही ना, हे इमेज सर्च आणि ट्रेडमार्कच्या नोंदींमध्ये बघा. डिझाइन विद्यार्थ्याने केलं असेल तर त्याला मोबदला आणि श्रेय द्या आणि हक्क कोणाकडे राहणार ते लेखी करा, पोरांकडून फुकटात काम काढून घेणं मला पटत नाही.

जाहीर करताना नुसतं चित्र टाकून गप्प बसू नका. २०१२ मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाने नवं चिन्ह आणलं, जुनी मुद्रा पूर्ण जाणार नव्हती पण अनेकांना वाटलं की गेली, ५० हजारांहून जास्त सह्या विरोधात जमल्या आणि चिन्ह मागे घ्यावं लागलं. म्हणून काय ठेवलं, काय बदललं आणि का, हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगा, लोगो जर्सीवर घातलेला दाखवा, आणि माजी खेळाडूंना एक दिवस आधी कळवा.

मग सोशल मीडियावर सगळीकडे एकाच दिवशी बदला, जर्सी नव्या सीझनला, कोर्टावरचा लोगो पुढच्या रंगकामाला. एसव्हीजी (व्हेक्टर फाइल), पीडीएफ, पीएनजी, एकरंगी, गडद कपड्यासाठीची आणि आरशातली उलटी आवृत्ती, सगळं नीट नाव देऊन एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि ती लिंक टी-शर्ट छापणाऱ्यापासून क्रीडा विभागापर्यंत सगळ्यांना द्या, म्हणजे कोणी व्हॉट्सॲपवरचा फाटलेला फोटो छापायला पाठवणार नाही.