हार्थस्टोन: हात रिकामा करायची घाई आणि आणखी काही चुका

हार्थस्टोन हा फोनवर किंवा संगणकावर दोघांत खेळायचा पत्त्यांचा खेळ: पत्ते टाकायला माना नावाची शक्ती लागते, ती टर्नगणिक वाढते, आणि समोरच्या हीरोचा जीव संपवला की जिंकलात. सहाव्या टर्नला माझ्या हंटरचे (शिकारी हीरोचे) चार मिनियन, म्हणजे लढणारी प्यादी, बोर्डवर होते, सगळे मिळून ९ चा मार. समोरच्या मेजचा (जादूगार हीरोचा) जीव १४. हातात ३ मानाचे दोन मिनियन उरले होते आणि माना बरोबर ६, म्हणून दोन्ही उतरवले. हल्ला केला, मेज ५ वर आला. पुढच्या टर्नला त्याने फ्लेमस्ट्राइक टाकलं, म्हणजे समोरच्या सगळ्या मिनियनना एकदम मार देणारा ७ मानाचा पत्ता, आणि सहाच्या सहा भाजून निघाले. मी फोन गादीवर आपटला. "यांच्याकडे नेमकं असतंच!"

नेमकं नसतं. डेक ३० पत्त्यांचा, एका पत्त्याच्या जास्तीत जास्त २ प्रती. पहिला खेळणारा सातव्या टर्नपर्यंत ३ अधिक ७ असे १० पत्ते पाहतो. डेकमध्ये दोन फ्लेमस्ट्राइक असतील, तर त्यातलं एक तरी हातात आलेलं असण्याची शक्यता साधारण ५६ टक्के. सुरुवातीची पत्तेबदली यात धरलेली नाही. म्हणजे मी नाणं उडवून सगळं पणाला लावलं होतं, आणि जिंकलो असतो तरी त्या दोन पत्त्यांमुळे जास्तीचं काहीच मिळणार नव्हतं.

आता तोच टर्न पुन्हा बघा. नवे मिनियन त्या टर्नला हल्ला करत नाहीत. मेज ५ वर आला आणि बोर्ड टिकला, तर पुढच्या टर्नला जुने चारच त्याला संपवतात. बोर्ड उडाला, तर नवे दोनही सोबत उडतात. मग ते उतरवून साधलं काय? २ मानात हंटरची हीरो पॉवर (पत्ता न टाकता समोरच्या हीरोला २ चा मार) मारली असती, तर मेज ३ वर आला असता आणि दोन्ही पत्ते हातात राहिले असते. उरलेले ४ माना वाया गेले असते, हे खरं. नवख्या खेळाडूला तेच सोसवत नाही. माना उरला की ताटात अन्न टाकल्यासारखं वाटतं.

मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: हा पत्ता टाकल्याने समोरचा एक टर्न आधी मरतो का? मरत असेल तर बिनधास्त टाका, फ्लेमस्ट्राइकच्या भीतीने हात आखडू नका. नाहीतर पत्ता हातात ठेवा.

याच्या उलटी चूकही तितकीच महागात पडते. घाई कोणाला आहे, हेच ओळखलं जात नाही. वेगवान डेक घेऊन मी कित्येकदा समोरचा प्रत्येक मिनियन मारत बसलोय, कारण बोर्ड स्वच्छ दिसला की बरं वाटतं. पण मॅच लांबली की समोरच्याचे ८-९ मानाचे पत्ते यायला लागतात आणि माझ्याकडे २ मानाची पोरं असतात. दोन्ही डेक वेगवान असतील, तर जरा जास्त मंद असलेल्याने समोरचे मिनियन आवरायचे, दुसऱ्याने तोंडावर, म्हणजे थेट हीरोला, मारत राहायचं. दोघांत मंद कोण, हे दर मॅचला नव्याने ठरतं.

दोन मंद डेक भिडले की गणित आणखी फिरतं. डेक संपल्यावर प्रत्येक रिकाम्या ड्रॉला (पत्ता ओढण्याला) १, मग २, मग ३ असा मार बसतो. पाच ड्रॉमध्ये १५, म्हणजे ३० च्या जीवातला निम्मा. अशा मॅचमध्ये उगाच जादा पत्ते ओढणारा स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतो.

क्रमाच्या चुका छोट्या, पण रोजच्या. पत्ते ओढायचे असतील तर आधी ओढा, मग ठरवा. आधी ३ मानाचा मिनियन टाकून मग आर्केन इंटेलेक्ट (पत्ते ओढणारा पत्ता) खेळलात आणि त्यातून फायरबॉल (मार देणारा पत्ता) आला, तर तो वापरायला माना नाही. आणि टर्न सुरू होताच बेरीज करा: बोर्डवरचा मार, हातातला मार, समोरच्याचा जीव. टर्न ७५ सेकंदांचा असतो, बेरजेला दहा पुरतात.

सुरुवातीला ७ मानाचा पत्ता "पुढे लागेलच" म्हणून ठेवू नका. सहा टर्न तो हातात झोपून राहतो.

मेंढीकोटात किती मेंढ्या गेल्या हे आपण झोपेतही सांगू, आणि इथे मेजने एक फ्लेमस्ट्राइक आधीच वापरलंय हे दोन टर्नमध्ये विसरतो. हा निव्वळ नशिबाचा खेळ असता, तर २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धांत तो प्रदर्शनी खेळ म्हणून आला नसता. तिथे भारताच्या तीर्थ मेहताने हार्थस्टोनमध्ये कांस्य मिळवलं होतं.

हरल्यावर लगेच डेक बदलू नका. मी आता हरलेल्या मॅचचं स्क्रीन रेकॉर्डिंग बघतो, तेही शेवटचा टर्न सोडून. मागे दोन-तीन टर्न जातो आणि जिथे पाच सेकंदांत एंड टर्न दाबलंय तिथे थांबतो. त्या मेजच्या मॅचमध्ये तो टर्न सहावा निघाला.