स्टेम सेलवाली ट्रीटमेंट घ्यायच्या आधी हे चेक करा

नाशिकच्या कॉलेज रोड, गंगापूर रोडला फिरताना सुरकुत्या नाहीतर टकलासाठी स्टेम सेलची (म्हणजे नव्या पेशी बनवणाऱ्या मूळ पेशींची) जाहिरात दिसली, की पैसे भरायच्या आधी थेट विचारा, पेशी कुठून घेणार, त्यांचं काय करणार आणि ट्रायल, म्हणजे पेशंटवर घ्यायची चाचणी, रजिस्टर आहे का. हो म्हणाले तर नंबर मागा आणि घरी येऊन सीटीआरआयच्या (भारतातल्या अशा ट्रायलची सरकारी नोंदवही) वेबसाइटवर शोधा, फुकट आहे. नंबर सापडला तरी तो फक्त ट्रायल चालू आहे एवढंच सांगतो, गुण येईलच असं नाही. आणि ट्रायलसाठी पेशंटकडून पैसे मागत असतील तर सरळ निघा.

स्टेम सेलवाल्या क्रीमचं लवकर उरकतं. त्यात बहुतेक सफरचंद नाहीतर द्राक्षाच्या पेशींचा अर्क असतो, जिवंत पेशी नाहीत, आणि असत्या तरी द्राक्षाची पेशी आपली कातडी बनवत नाही हो, नाहीतर निफाडच्या द्राक्ष बागायतदारांना सुरकुत्याच पडल्या नसत्या!

खरं काम बघायचंय? जर्मनीत एका सात वर्षांच्या सीरियन मुलाची कातडी एलएएमबी३ जीन बिघडल्यामुळे सोलून निघायची, तर डॉक्टरांनी त्याच्याच त्वचेचा छोटा तुकडा घेतला, व्हायरस वापरून पेशींमध्ये चांगला जीन घातला, लॅबमध्ये त्वचेचे पापुद्रे वाढवले आणि जवळपास ८० टक्के अंगावर लावले. २०१७ मध्ये हे छापून आलं, आणि त्यात दिसलं की नवी त्वचा थोड्याच, जास्त काळ टिकणाऱ्या स्टेम सेल्स चालवतात. आता हे सगळं तासाभराच्या सिटिंगमध्ये कसं होतं ते क्लिनिकवाल्याला विचारा.