विश्वामित्रीच्या काठावर काम करताना मगरीपासून बचाव

सुंदरबनात मध गोळा करणाऱ्यांनी १९८६ च्या सुमारास डोक्याच्या मागच्या बाजूस माणसाच्या चेहऱ्याचे मुखवटे बांधायला सुरुवात केली, कारण वाघ पाठीमागून झडप घालतो आणि समोरून कोणी पाहत आहे असे वाटले की बिचकतो. बडोद्यात विश्वामित्री नदीच्या काठावर गवत कापणाऱ्या किंवा गाळ काढणाऱ्या मजुरांना ही युक्ती उपयोगाची नाही. मगर पाण्याखाली दबा धरते आणि कडेला वाकलेल्या माणसाला पाण्यातूनच पकडते. तिला मुखवटा दिसला काय अन् न दिसला काय.

फटाके किंवा डबे वाजवून मगर हाकलण्याची सवय तर अंगाशी येणारी आहे. काठावर ऊन खात पडलेली मगर आपल्याला दिसत असते. आवाजाने ती पाण्यात उतरली की ती नेमकी कुठे आहे हे कोणालाच सांगता येत नाही आणि आपण मात्र तिथेच काम करत राहतो. दगड मारणे तर मुळीच नको; १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये मगर अनुसूची एकमध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे.

खरा उपाय म्हणजे अंतर. पाणी भरण्यासाठी कडेला उकिडवे बसू नये, तर बादलीला लांब दोर बांधून ती उंचावरून सोडावी. गवत आणि जलपर्णी ओढण्यासाठी विळा किंवा आकडा आठ-दहा फुटांच्या बांबूला घट्ट बांधावा. गाठ सैल असली तर माणूस तोल सावरायला पुढे जातो, म्हणून ती रोज सकाळी तपासावी. रोज एकाच ठिकाणी, एकाच वेळी पाण्याजवळ जाऊ नये, कारण मगर अशा सवयी हेरते. पाण्यात उतरणे अटळ असेल तर श्रीलंकेत नदीकाठच्या स्नानाच्या जागेभोवती घालतात तसे जाड खुंटांचे कुंपण करावे. खुंट गाळात खोल ठोकावेत आणि दोन खुंटांमध्ये मगरीला तोंड घालता येईल इतकी फट राहू देऊ नये. पूर आल्यावर ते पुन्हा तपासावे, कारण एखादा खुंट हलला असला तरी वरून कुंपण शाबूत दिसते.

फेब्रुवारी ते जून हे महिने विशेष जपण्याचे. मादी काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालते आणि घरट्याची राखण करते. शिवाय मगरी काठात बिळेही करतात. गवतात पाय टाकण्याआधी लांब काठीने जमीन चाचपावी आणि मोकळी उकरलेली माती दिसली तर मुकादमाने ती जागा सोडून द्यावी, मग काम राहिले तरी चालेल. जेवणाचे खरकटे, मासळीची घाण किंवा मेलेले जनावर नदीत टाकू नये. ऑगस्ट २०२४ च्या पुरात मगरी रस्त्यांवर आल्या होत्या, तेव्हा पावसाळ्यात नदीपासून दूरच्या साचलेल्या पाण्यातही हीच खबरदारी घ्यावी.

संध्याकाळनंतर काम ठेवू नये. ठेवावेच लागले तर एकाने काम सोडून फक्त विजेरी पाण्यावर फिरवत उभे राहावे. प्रकाशात मगरीचे डोळे लालसर चमकतात. चावा लहान असला तरी १०८ वर फोन करावा, कापडाने दाबून रक्त थांबवावे आणि जखमीला रुग्णालयात न्यावे, कारण मगरीच्या दातांची जखम लवकर चिघळते.