रुग्ण टप्प्याटप्प्याने उलगडू द्यावा : ऑनलाइन केस-अध्यापनाची रीत

एमबीबीएस आणि १२ महिन्यांची इंटर्नशिप पूर्ण करून मराठवाड्यातल्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालेल्या तरुण डॉक्टरसमोर पहाटे रुग्ण येतो, तेव्हा तो सोबत निदान घेऊन येत नाही; तो केवळ तक्रार घेऊन येतो, तीही आपल्या बोलीत. पुस्तकात मात्र प्रकरणाच्या शीर्षकातच आजाराचे नाव असते. हे अंतर कमी करण्यासाठी ऑनलाइन केस, म्हणजे रुग्णाची हकिकत टप्प्याटप्प्याने मांडून विद्यार्थ्याकडून निर्णय घेववणारा सराव, उपयोगी पडते, परंतु केस रचताना एक नियम कटाक्षाने पाळावा लागतो : विद्यार्थ्याने निर्णय लिहून दिल्याशिवाय पुढची माहिती त्याच्यासमोर येऊ नये. हा नियम मोडला तर केस म्हणजे पडद्यावर वाचायचा आणखी एक धडा ठरतो. सुरुवातीच्या काळात मी एका रुग्णाचा संपूर्ण डिस्चार्ज कार्डाचा मजकूर नाव गाळून जसाच्या तसा गटाला पाठवला होता. पहिल्याच ओळीत निदान होते, त्यामुळे चर्चा पाच मिनिटांत आटोपली आणि कोणी काहीही शिकले नाही.

केस निवडताना दुर्मीळ आजारांच्या मोहात पडू नये. विद्यार्थी जिथे काम करणार आहेत, तिथल्या ओपीडीत आणि कॅज्युअल्टीत जे नेहमी येते तेच घ्यावे : कीटकनाशकाची विषबाधा, सर्पदंश, विंचूदंश, उष्माघात, गरोदर स्त्रीचा तीव्र रक्तक्षय, अर्धवट सोडलेले क्षयरोगाचे उपचार. यांपैकी एक केस कशी बांधावी, हे मण्यारीच्या दंशाच्या उदाहरणाने सविस्तर सांगतो, कारण विचार करण्याची शिस्त शिकवणारी यापेक्षा चांगली केस आपल्या भागात क्वचितच सापडेल.

पहिल्या टप्प्यात एवढेच द्यावे : पावसाळ्याचे दिवस आहेत, पहाटेचे साडेचार वाजले आहेत, तिशीतला एक सालगडी नातेवाइकांसोबत आला आहे आणि म्हणतो आहे, ‘पोट लई दुखायलंय, एक उलटी झाली.’ नाडी आणि रक्तदाब जवळजवळ सामान्य आहेत. येथे निदान विचारू नये. ‘तुम्ही आता कोणते तीन प्रश्न विचाराल आणि प्रत्येक प्रश्न कशासाठी?’ असे विचारावे. बहुतेक विद्यार्थी रात्रीच्या जेवणाबद्दल विचारतात आणि आम्लपित्ताचे इंजेक्शन सुचवतात. त्यांना या वेळी अडवू नये. दुसऱ्या टप्प्यात कळावे की हा माणूस शेतातल्या आखाड्यावर जमिनीवर झोपला होता, त्याला काही चावल्याचे आठवत नाही आणि अंगावर सूज किंवा ठळक व्रण नाही. तिसऱ्या टप्प्यात तासाभरानंतर नातेवाईक सांगतात, ‘डोळे उघडनात त्याचे,’ आणि तपासणीत दोन्ही पापण्या खाली आलेल्या व गिळताना त्रास होत असल्याचे दिसते. मण्यार बहुधा रात्री, झोपलेल्या माणसाला चावते, दंशाच्या जागी फारसे काही उमटत नाही आणि पोटदुखी हे तिच्या विषाचे आरंभीचे लक्षण असू शकते. ही जोडणी विद्यार्थ्याने स्वतः करायची असते, शिक्षकाने नव्हे.

चौथा टप्पा जाणूनबुजून कसोटीचा ठेवावा. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेतलेले रक्त २० मिनिटे न हलवता ठेवले आणि ते गोठले, असे कळवावे. अनेकजण येथे ‘चाचणी सामान्य, म्हणजे सर्पदंश नाही’ असा निष्कर्ष काढतात. ही चाचणी घोणस किंवा फुरशाच्या विषाने रक्ताची गोठण्याची क्रिया बिघडली आहे का, एवढेच सांगते. मण्यारीचे विष मज्जातंतूंच्या टोकांवर आघात करते, त्यामुळे या रुग्णात रक्त गोठणे अपेक्षितच आहे. चूक लिहून झाल्यावर मिळालेली ही समज टिकते, आधी सांगितलेली टिकत नाही. यानंतर उपचाराचा निर्णय मागावा : प्रतिसर्पविषाच्या १० कुप्या शिरेतून साधारण तासाभरात, तीव्र प्रतिक्रिया आल्यास लगेच देता यावे म्हणून अॅड्रेनॅलीन आधीच भरून ठेवणे, श्वासावर सतत लक्ष, अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) हाताशी. रुग्ण लहान मूल असते तर कुप्या कमी केल्या असत्या का, हा प्रश्न येथे आवर्जून घालावा, कारण सापाने सोडलेले विष मुलाचे वय पाहून कमी होत नाही आणि मात्रा तीच राहते. निओस्टिग्मिन हे औषध नागाच्या दंशात जसे उपयोगी पडते तसे मण्यारीत फारसे का पडत नाही, हे औषधशास्त्राच्या शिक्षकांनी समजावले तर दुसऱ्या वर्षाचा अभ्यास पुन्हा जिवंत होतो.

तांत्रिक बाजू साधी ठेवावी. गूगल फॉर्ममध्ये विद्यार्थी मागच्या पानावर जाऊन उत्तर बदलू शकतो, म्हणून प्रत्येक टप्प्याचा फॉर्म वेगळा करावा आणि आधीची उत्तरे जमा झाल्यावरच पुढचा दुवा द्यावा; महाविद्यालयात मूडल ही ऑनलाइन अध्यापनाची प्रणाली असेल तर त्यातील ‘लेसन’ प्रकारात हे अधिक नीट साधते. सुट्टीत विद्यार्थी अहमदपूर, गंगाखेड, भूम अशा ठिकाणी घरी असतात, वीज आणि नेटवर्क यांचा भरवसा नसतो; म्हणून लेखी टप्प्यांसाठी दोन दिवसांची मुदत द्यावी, व्हिडिओऐवजी छोटी ध्वनिफीत आणि हलकी छायाचित्रे वापरावीत, आणि प्रत्यक्ष ऑनलाइन चर्चा फक्त तासाभराची ठेवावी. गट ८ ते १० जणांचाच असावा. चर्चेत शिक्षकाने प्रथम बोलू नये. विद्यार्थ्यांनी लिहिलेली दोन परस्परविरोधी उत्तरे नावे न सांगता पडद्यावर मांडावीत आणि गटालाच त्यांचा निवाडा करू द्यावा.

रुग्णाच्या खासगीपणाबाबत आपण फार ढिले आहोत, हे मला खेदाने लिहावे लागते. लेखी संमती घ्यावी, गाव आणि वय बदलावे, एक्स-रेच्या कोपऱ्यातील नाव व नोंदणी क्रमांक काढून टाकावेत. आपल्याकडच्या वयस्क स्त्रियांच्या हातावर आणि कपाळावर गोंदण असते, कधी त्यात नावच असते. चेहरा झाकून तेवढे उघडे ठेवले तर ओळख झाकली असे म्हणता येत नाही. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे, पण तो नसता तरी ही काळजी आपल्यावर बंधनकारकच असती. केसची छायाचित्रे व्हॉट्सअॅपच्या गटावर टाकू नयेत.

चांगली केस चांगल्या नोंदींतूनच तयार होते. जालना जिल्ह्यात जन्मलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणात विंचूदंशाच्या रुग्णांशेजारी बसून बारकाईने नोंदी ठेवल्या, आणि त्यांतूनच प्राझोसिन या औषधाच्या उपचाराची वाट सापडली. म्हणून इंटर्नकडून वॉर्डातल्या रुग्णाची वेळेनुसार नोंद लिहून घ्यावी. पुढच्या बॅचची केस तीच असते.

गुण देताना अंतिम निदानाला थोडे आणि प्रत्येक टप्प्यावरील कारणमीमांसेला अधिक द्यावेत. २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधारित अभ्यासक्रमाचा रोखही प्रत्यक्ष करता येण्यावर आहे, आणि पडद्यावर हात शिकत नाही. त्यामुळे केस झाल्यावर त्याच आठवड्यात कौशल्य प्रयोगशाळेत पुतळ्यावर अंबू बॅगने श्वास देण्याचा सराव घ्यावा, नंतर युनिटच्या फेरीत तसा रुग्ण असेल तर त्याच गटाला बेडसाइडला न्यावे.

शेवटचा टप्पा बहुतेक शिक्षक गाळतात, तो गाळू नये. १०८ ची रुग्णवाहिका दारात आहे असे सांगून दहा मिनिटांत रेफरचे पत्र लिहून घ्यावे : लक्षणे केव्हा सुरू झाली, किती कुप्या कोणत्या वेळी दिल्या, प्रतिक्रिया आली का, पाठवताना श्वास कसा होता. त्याखाली रुग्णाच्या बायकोला काय सांगाल, तेही लिहायला लावावे, तिला समजेल अशा मराठीत, चार वाक्यांत. ही चार वाक्ये मी नेहमी स्वतः वाचतो आणि मोठ्याने वाचून घेतो.