गेट रंगवायच्या आधी पाणी कुठं थांबतं ते बघा

"चवथीच्या आधी तेवढं गेट रंगवून द्या," असा फोन दर पावसाळ्यात येतो आणि दर वेळी मी नाही म्हणतो. गिऱ्हाईक नाराज होतं, कुठून तरी पेंटर पकडून आणतं, चवथीला गेट चकाचक दिसतं. दिवाळी होते न होते तोच त्याला फोड यायला लागतात. हवेत नव्वद टक्के दमटपणा असताना मारलेला रंग लोखंडाला कुठला चिकटायला, तो लोखंडावरच्या पाण्याला चिकटतो.

माझं गोव्यात पेडण्याला फॅब्रिकेशनचं, म्हणजे लोखंडी गेटं-ग्रिलं बनवायचं, वर्कशॉप आहे. निम्मं काम मोरजी, आश्वे, मांद्रे ह्या किनारपट्टीतलं, बाकीचं आतल्या गावांतलं. तोच पाइप, तोच वेल्डर, तोच रंगाचा डबा. पण आतल्या धारगळीचं गेट निवांत उभं असतं आणि आश्व्याचं दोन पावसाळ्यांत खालून कुजतं. हा फरक मिठाचा आहे.

लोखंडावर पाण्याचा पातळ थर बसला की त्याच पट्टीवर छोट्या छोट्या बॅटऱ्या तयार होतात. एका जागी लोखंड विरघळायला लागतं, तिथून सुटलेले इलेक्ट्रॉन धातूतून दुसऱ्या जागी जातात आणि तिथं पाणी नि ऑक्सिजन ते घेतात. हे चक्र पुरं व्हायला मधल्या पाण्यातून वीज वाहावी लागते. नुसत्या पाण्यातून ती जेमतेम वाहते, मीठ असलं की सुरळीत. वर समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असतं. साधं मीठ हवेत ७५ टक्क्यांच्या आसपास दमटपणा असला तर पाणी ओढतं, हे मात्र ३३ टक्क्यांपासूनच ओढायला लागतं. गोव्यात हवा तेवढी कोरडी होते तरी कधी? म्हणजे ग्रिलवर मीठ बसलंय तोवर ग्रिल ओलंच आहे, भले जानेवारीत आभाळ निरभ्र असो.

आपल्या घरापर्यंत मीठ येतं का, हे बघायला मशीन लागत नाही. समुद्राच्या बाजूच्या खिडकीच्या काचेवरून बोट फिरवा आणि जिभेला लावा.

म्हणून पहिला उपाय रंगाचा नाहीच, धुण्याचा आहे. जो भाग पावसात उघडा भिजतो त्याचं मीठ पाऊस धुऊन नेतो. सज्जाखालचं ग्रिल, जिन्याच्या रेलिंगची खालची बाजू, पत्र्याचं पोट, शटरची पेटी इथं मीठ येतं पण पाऊस पोचत नाही. लोकांना वाटतं आडोशाचं लोखंड टिकेल. किनाऱ्यावर आधी तेच जातं. महिन्यातून एकदा पाइप लावून गोड्या पाण्यानं ते भाग धुवा, पाऊस ओसरल्यावर तर नक्कीच. विहीर खारी असेल तर ते पाणी वापरू नका. दुचाकी किंवा जीप वाळूवर नेली असेल तर त्याच संध्याकाळी खालून धुवा, चाकांच्या वरच्या खोबणीत पाणी मारायला विसरू नका.

पाणी कुठं अडतं

गेटाच्या खालच्या आडव्या पाइपापाशी बसा आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत जा. चांगल्या पाइपाचा आवाज खणखणीत येतो. कोपऱ्याकडे आलात की आवाज बसका होतो. तिथं टोक लावून जरा दाबा. वरचा रंग शाबूत, आणि टोक पत्र्यात आरपार जातं, आतून लालसर पापुद्रे नि चमचाभर काळं पाणी बाहेर येतं. असा पाइप आतून गंजलेला असतो. बाहेर दहा हात रंग मारला तरी आत शिरलेल्या पाण्याला त्याचं काय?

चौकोनी पाइपाचं काम करून घेताना दोनच पर्याय आहेत. एक तर उघडी टोकं टोपी लावून पुरती वेल्ड करून हवाबंद करा. नाहीतर सगळ्यात खालच्या बाजूला आठ मिमीची भोकं पाडा, म्हणजे शिरलेलं पाणी निघून जाईल. वेल्डिंगचे अर्धवट टाके मारून वर लांबी (पुट्टी) भरलेली टोकं ह्या दोन्हींत बसत नाहीत, आणि बाजारातली बरीच गेटं नेमकी तशीच असतात. चॅनल (तीन बाजू बंद, एक उघडी अशी लोखंडी पट्टी) वापरायचा असेल तर तोंड खाली करून लावा, वर केलं की पन्हळ तयार. अँगलच्या (काटकोनी पट्टीच्या) बगलेत पानं साचू देऊ नका. फणसाचं एक ओलं पान आठवडाभर लोखंडाला चिकटून राहिलं की तिथं डाग धरतोच.

जमिनीत गाडलेला खांब नेमका मातीच्या पातळीला कुजतो, कारण तिथं ओलही असते आणि हवाही. खांबाभोवती काँक्रीटची गळपट्टी जमिनीपासून चार बोटं वर काढा आणि तिला बाहेरच्या बाजूला उतार द्या. भिंत जांभ्याच्या चिऱ्याची असेल तर होल्डफास्टकडे, म्हणजे चौकट धरून ठेवायला भिंतीत गाडतात त्या लोखंडी पट्टीकडे, बघा. चिरा पाणी पितो आणि सावकाश सोडतो, त्यामुळे आतलं लोखंड पावसाळाभर ओलं राहतं. होल्डफास्ट बसवायच्या आधी इपॉक्सीत (दोन डबे मिसळून लावायच्या टणक रंगात) रंगवून घ्या. एकदा भिंतीत गेला की तो पुन्हा हाताला लागत नाही.

आता रंग

दसऱ्यानंतर मार्चपर्यंत कधीही. सकाळचं दव उडाल्यावर सुरू करा, चारच्या पुढं नवा हात मारू नका. नियम असा की धातूचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला दव धरतं त्यापेक्षा) निदान तीन अंश वर हवं आणि दमटपणा ८५ टक्क्यांच्या आत. मोजायचं साधन नसेल तर ओल्या फडक्यानं एक पट्टा पुसा. दहा-पंधरा मिनिटांत सुकला तर काम धरा.

पैसा रंगात कमी आणि घासण्यात जास्त गेला पाहिजे. आधी साबणाच्या पाण्यानं धुवा, मग गोड्या पाण्यानं. हे घासण्याच्या आधी करायचं, नाहीतर ग्राइंडर मीठ गंजाच्या खड्ड्यांत कोंबतो. सुटे पापुद्रे हातोडीनं उडवा, मग खरवडणी, मग ग्राइंडरला लावायचा तारेचा कप ब्रश. ब्रश एकाच जागी फार वेळ फिरवलात तर गंज निघण्याऐवजी पॉलिश होतो आणि काळा चकचकीत दिसतो, त्यावर फसू नका. तिथं फ्लॅप डिस्क (पॉलिश पेपरच्या पट्ट्यांची चकती) लावा. चष्मा घाला. कप ब्रशची तार सुटली तर कुठं घुसेल सांगता येत नाही. घासून झाल्यावर पुन्हा धुवा, पूर्ण सुकवा, थिनरच्या फडक्यानं पुसा आणि त्याच दिवशी प्रायमर मारा. घासलेलं लोखंड रात्रभर उघडं ठेवलंत तर सकाळी त्यावर पिवळी झाक आलेली असते, आणि मेहनत पुन्हा पहिल्यापासून.

गंजाचं रूपांतर करणारं औषध मिळतं, त्यात बहुधा फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्ल असतं. घासूनही न निघणाऱ्या पातळ, घट्ट गंजावर ते चालतं. पापुद्र्यांवर ओतून उपयोग नाही.

समुद्रापासून आत, डिचोली-वाळपईकडे रेड ऑक्साइड प्रायमर आणि वर दोन हात ऑइल पेंट एवढं पुरतं. किनाऱ्यावर पैसे खर्च करा: टू-पॅक इपॉक्सी प्रायमर, मध्ये इपॉक्सीचाच एक जाड हात, वर पीयू (पॉलियुरेथेन) रंग. वरचा पीयू वाचवायला जाऊ नका, कारण इपॉक्सी उन्हात खडूसारखा भुरभुरतो. ऑइल पेंटचा एक हात तीस-चाळीस मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) बसतो. समुद्राकाठी सगळे हात मिळून दोन-अडीचशे मायक्रॉन व्हायला हवेत. कडा, कोपरे आणि वेल्डिंगच्या रेघा आधी ब्रशनं वेगळ्या रंगवा. धारेवरून रंग ओघळून पातळ होतो, म्हणून गंज नेहमी कडेवरून सुरू होतो. त्याआधी वेल्डिंगचा स्लॅग (वर जमलेली काळी खपली) आणि उडालेले थेंब छिन्नीनं काढलेले असले पाहिजेत.

जाता जाता: काजूच्या टरफलाच्या तेलापासून कार्डेनॉल काढतात आणि त्यापासून इपॉक्सी घट्ट करणारे फेनाल्कमाइन हार्डनर बनतात. दमट हवेत, जहाजांच्या कामाला ते खास चालतात. पण तेवढ्यावरून कुणी कच्चं टरफलाचं तेल गेटाला फासू नये, कातडी भाजते.

जीआय आणि स्टेनलेस

जीआय म्हणजे जस्ताचा थर दिलेलं लोखंड. त्याचा पत्रा घेताना दुकानदाराला जीएसएम विचारा. १२० जीएसएम म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १२० ग्रॅम जस्त, दर बाजूला जेमतेम आठ मायक्रॉन. २७५ चा घेतला तर एकोणीस-वीस. जस्त स्वतः झिजतं आणि खालचं लोखंड वाचवतं, तेव्हा जितकं जस्त तितकं आयुष्य. गेट पूर्ण बनवून मग वितळलेल्या जस्तात बुडवून आणलं तर जाड लोखंडावर ८५ मायक्रॉनपर्यंत थर बसतो. महाग पडतं, पण समुद्राला लागून घर असेल तर मी तेच सुचवतो.

जीआय पाइपाला वेल्डिंग केलं की तिथलं जस्त जळून जातं, म्हणून सांध्यावर झिंक-रिच (भरपूर जस्ताचा) पेंट हवाच. त्या पांढऱ्या धुरानं रात्री ताप भरतो. दूध प्यायलं की बाधत नाही ही आमच्या धंद्यातली समजूत आहे. खरा उपाय मास्क आणि उघडी हवा. नव्या जीआयवर थेट ऑइल पेंट मारू नका. जस्ताशी त्याचा साबण होतो आणि रंग सालीसारखा निघतो. आधी एच प्रायमर (etch, जस्तावर पकड धरणारा).

स्टेनलेसच्या बाबतीत सगळ्यात जास्त फसवणूक चुंबकामुळं होते. "बघा, चुंबक चिकटत नाही, अस्सल आहे," असं म्हणत २०२ ग्रेडचं, म्हणजे हलकं, स्टेनलेस गळ्यात मारतात. २०२ ला चुंबक चिकटत नाही, ३०४ लाही नाही. २०२ मध्ये निकेल कमी आणि मँगनीज जास्त, आणि किनाऱ्यावर त्याच्यावर चहाच्या रंगाचे डाग लवकर पडतात. ३०४ बरं. समुद्र दिसतो अशा बाल्कनीला ३१६ घ्या, त्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि ते मिठाला सहजी दाद देत नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्या. डाग पडले तर साबण आणि मऊ फडकं; तारेची घासणी नको, संडास धुवायचं ॲसिड तर मुळीच नको. शेजारी साध्या लोखंडावर ग्राइंडर चालू असेल तर स्टेनलेस झाकून ठेवा, उडालेल्या ठिणग्या त्यावर गंजतात.

दोन वेगळे धातू ओल्यात एकमेकांना लागले की त्यातला लवकर विरघळणारा झिजतो. ॲल्युमिनियमच्या खिडकीला साधे लोखंडी स्क्रू नकोत. स्टेनलेसचे लावा, खाली नायलॉनचा वॉशर घाला. हाच नियम उलटा वापरून मालीम जेटीवरच्या मासेमारी ट्रॉलरांच्या तळाला जस्ताचे ठोकळे लावतात: ठोकळा झिजतो, तळ राहतो. तुमच्या गीझरच्या टाकीतही मॅग्नेशियमची कांडी असते. दर दोन वर्षांनी काढून बघा; तार उरली असेल तर बदला, टाकीपेक्षा ती फार स्वस्त.

स्लॅब

हे काम माझं नाही, पण ग्रिल बसवायला गेलो की वर बघायची सवय आहे. काँक्रीट अल्कधर्मी असल्यामुळे आतल्या सळईवर पातळ कवच धरतं आणि ती सुरक्षित राहते. मीठ आत पोचलं की ते कवच फुटतं, आणि गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा व्यापतो, त्यामुळे काँक्रीट आतून फुटतं. १९८६ च्या जुलैत मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला, त्याच्या आतल्या ताणलेल्या पोलादी केबल गंजल्या होत्या. नवं बांधकाम असेल तर दोन गोष्टींवर अडून बसा: रेती आणि पाणी खारं नको, आणि सळईवरचं कव्हर (सळईला झाकणारा काँक्रीटचा थर) कमी नको. काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६ किनारी हवेत उघड्या काँक्रीटला ४५ मिमी सांगतं. कामगार सळईखाली खडा सारून पुढं जातो, तुम्ही कव्हर ब्लॉक (सळई ठराविक उंचीवर धरणारे ठोकळे) मागा.

जुन्या स्लॅबला सळईच्या रेषेत सरळ चीर आणि तपकिरी ओघळ दिसला तर नुसता गिलावा करून झाकू नका. हातोडीनं हलकेच ठोका, जिथं पोकळ वाजेल तिथं खडूनं रेघ मारा, आणि स्ट्रक्चरल इंजिनियरला बोलावून ती रेघ दाखवा.